बेचाळिसावी पायरी

एक्केचाळीस पायऱ्यांची ती वही कधी दुसऱ्या कुणाला दाखवावी लागेल असं काकांना बावीस वर्षांत वाटलं नव्हतं. वही साधीच होती. दोनशे पानी, पुठ्ठ्यावर कपाची गोल वर्तुळं उमटलेली. पण तिच्यावर तीनशे चाळीस शाळा चालत होत्या. निदान काकांचं मत तसं होतं, आणि ते खोडून काढण्याइतका वेळ ऑफिसात कुणाकडे नव्हता.

कंपनी शाळांना वेळापत्रक लावून देणारं सॉफ्टवेअर बनवायची. गणिताच्या बाई एकाच वेळी सातवीत आणि नववीत असू नयेत, खेळाचा तास जेवणानंतर लगेच येऊ नये, आणि मुख्याध्यापकांच्या मेहुण्याला शेवटचा तास मिळू नये, एवढंच त्या सॉफ्टवेअरचं जीवितकार्य. चार-पाच जण आपापल्या टेबलावर बसून त्याचे तुकडे लिहायचे. ते तुकडे एकत्र करायचे, एकमेकांशी भांडत नाहीत ना ते बघायचं आणि शाळांना पाठवण्याजोगी एक फाईल तयार करायची, ह्या उद्योगाला बिल्ड म्हणतात. बिल्ड काका करायचे. हाताने, वहीत बघून, एकेका पायरीवर पेन्सिलीने टिंब देत. नवं सत्र सुरू व्हायच्या आधीचे वीस दिवस तर रोज दुपारी बाराला बिल्ड लागायचा, सुट्टी असो नसो, कारण त्या दिवसांत प्रत्येक शाळेला रोज सकाळी एक नवी अडचण सुचते.

ऑफिसात सगळे त्यांना काका म्हणत. अनुभवामुळे म्हणतात असं काकांना वाटायचं. म्हणणारे केसांकडे बघून म्हणत.

तर काकांच्या मुलीचं पहिलं बाळंतपण नेमकं ह्या वीस दिवसांत आलं. मुलगी दुसऱ्या गावात, आगगाडीने एका दिवसाच्या अंतरावर. डॉक्टरांनी तारीख दिली, आणि त्याच संध्याकाळी काकूंनी दोन तिकिटं काढून टेबलावर ठेवली.

"मी पुढच्या शुक्रवारी निघतेय," काकू म्हणाल्या. "तुम्ही आलात तर आनंद आहे. नाही आलात तर मला पाय पसरायला जागा होईल."

"अगं पण त्या दिवसांत बिल्ड असतो."

"ठाऊक आहे. तिच्या दहावीच्या निकालाला बिल्ड होता. तिचा पाय मोडला तेव्हा बिल्ड होता. लग्नात तर…"

"लग्नात मी होतो."

"होतात ना. हॉलच्या ऑफिसात, मांडीवर लॅपटॉप घेऊन. फोटोवाला तुम्हाला शोधत होता. शेवटी त्याने माझ्या भावाला तुमच्या जागी उभं केलं."

हे खरं होतं. अल्बममध्ये मुलीच्या डाव्या हाताला मामा उभा आहे, तोही जरा संकोचून. काका तो अल्बम फारसा उघडत नसत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजेचा अर्ज दिला. मॅडमनी, म्हणजे त्यांच्या मॅनेजरने, तो वाचून टेबलावर उताणा ठेवला. काकांपेक्षा दहा वर्षांनी लहान, पण बोलणं मोजून मापून.

"रजा देते की. पण बिल्ड कोण करणार?"

शेजारच्या टेबलावर टेस्टर बसत असे. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून काढणं हे तिचं काम, आणि कामाची सवय अंगात मुरलेली. ती मान वर न करता म्हणाली, "बिल्ड सर्व्हर लावा ना. सगळं जग लावतं. कुणी कोड टाकला की मशीन आपलं आपणच बिल्ड करतं, तपासतं आणि फसला तर कुणामुळे फसला तेही कळवतं. माणूस लागतच नाही."

हे शेवटचं वाक्य तिने सहज म्हटलं, पण ते काकांना लागलं. बावीस वर्षं जे केलं, ज्याच्यासाठी मुलीच्या लग्नात आपल्या जागी मामा उभा राहिला, ते काम एक डबा करू शकतो? बरं, करू शकत असेल तर हवाच होता, कारण शुक्रवारची गाडी गाठायची होती. एकाच वेळी मशीन चालावं असंही वाटत होतं आणि चालू नये असंही. अशा अवस्थेत माणसाने गप्प बसावं. काका म्हणाले, "आठ दिवसांत मीच लावून देतो."

मॅडम म्हणाल्या, "ठीक. मंगळ, बुध, गुरू, तीन दिवस मशीनने एकट्याने बिल्ड करून दाखवायचा. तुम्ही खोलीत थांबायचं नाही. तिन्ही झाले तर शुक्रवारी सुटा."

मशीन मिळालं ते कपाटातलं, सात वर्षांपूर्वीचं. चालू केलं की दळण दळल्यासारखा आवाज करायचं. ते सर्व्हर-रूममध्ये ठेवायचं म्हणून काका किल्लीदाराकडे गेले. त्या खोलीची एकुलती एक किल्ली ज्याच्या कमरेला असे, त्या गृहस्थाचं हे ऑफिसातलं नाव. पद काहीतरी मोठं होतं, पण कुणाच्या लक्षात नसे.

"नंबर काय मशीनचा?" किल्लीदाराने विचारलं.

"नंबर नाही. कपाटातलं आहे."

"नंबर नसलेलं मशीन आत घेता येत नाही."

"मग नंबर द्या."

"नंबर देण्याआधी पाहणी करावी लागते."

"मग करा पाहणी."

"पाहणी सर्व्हर-रूममध्येच होते," किल्लीदार म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता की अडवणूक नव्हती. सूर्य पूर्वेला उगवतो इतक्या शांतपणे तो सांगत होता. काका दोन दिवस ह्या वर्तुळात फिरले आणि शनिवारी सकाळी मशीन उचलून रिक्षातून घरी घेऊन आले. दारावरच्या पहारेकऱ्याने अडवलं नाही. बाहेर जाणाऱ्या वस्तूचा नंबर लिहून घ्यायचा असा नियम होता, ह्या वस्तूला नंबर नव्हता, त्यामुळे ती बाहेर गेली तरी नियमाप्रमाणे गेलेली नव्हती.

घरी जेवायच्या टेबलावर मशीन मांडलं. काकूंनी ताटं ओट्यावर नेली.

आता काम सोपं होतं. वहीतल्या एक्केचाळीस पायऱ्या मशीनला समजतील अशा भाषेत लिहायच्या. काका चष्मा पुसून बसले, आणि पहिल्यांदाच आपली वही त्यांनी परक्याच्या नजरेने वाचली. नववी पायरी अशी होती: 'लग्न उघडणे.' म्हणजे लग्न ह्या नावाचा फोल्डर उघडणे. मुलीच्या लग्नाच्या आठवड्यात घाईघाईत सगळ्या महत्त्वाच्या फायली त्यांनी ज्या फोल्डरमध्ये टाकल्या होत्या, त्यातच शेजारी आमंत्रितांची यादी होती. पुढे ते निस्तरायचं राहून गेलं, आणि सहा वर्षं तीनशे चाळीस शाळांचं वेळापत्रक 'लग्न'मधून निघत होतं. सव्विसावी पायरी होती: 'खिडकी येईल, न वाचता होय म्हणणे.' आणि एकोणतिसावी: 'एरर येईल. दुर्लक्ष करणे.'

प्रत्येक पायरी आधी सुटी चालवून बघितली, त्यात ह्या एकोणतिसाव्या पायरीने काकांच्या नाकी नऊ आणले. मशीन प्रामाणिक असतं. एरर आली की ते हात जोडून थांबतं. एररकडे दुर्लक्ष कर म्हणून सांगितलं, तर ते सगळ्याच एररकडे दुर्लक्ष करू लागलं आणि एका शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेचे सलग अठरा तास टाकून 'सर्व ठीक' म्हणालं. कुठल्या चुकीकडे काणाडोळा करावा आणि कुठल्या चुकीवर घर डोक्यावर घ्यावं, हे माणसाला नोकरीत वीस वर्षं काढून आणि संसार करून कळतं. ते यंत्राला तीन ओळींत समजावणं सोपं नाही. शेवटी काकांनी दुर्लक्ष करायच्या चुकांची यादीच त्याला लिहून दिली.

दुपारी पुलवाले आले. समोरच्या दारातले हे शेजारी, आयुष्यभर पूल बांधून निवृत्त झालेले. जिन्यातून काही जड वस्तू वर गेली की तिच्या मागोमाग ते येतच. त्यांनी मशीनभोवती एक फेरी मारली.

"टेबलाचा पाय हलतोय. आधी पाया बघायचा."

"हो."

"वारा कुठून येतो? मशीनला वारा हवा."

"पंखा लावलाय."

"पंखा नको, धूळ बसते." त्यांनी पंखा बंद केला. पंधरा मिनिटांत मशीन तापून बंद पडलं. "बघा, मशीनमध्येच दोष आहे," पुलवाले म्हणाले आणि वही चाळत शांतपणे खुर्चीत बसले. सल्ला देणाऱ्याला घाई नसते. रविवारी ते न्याहारीनंतर परत आले, ह्या वेळी स्वतःचा चष्मा घेऊन.

पण सगळ्या पायऱ्या सलग चालवल्या की मशीन दोन दिवस अठराव्या पायरीवर फसत होतं. रोज बाराला लॅपटॉपवर हाताने करताना, अगदी त्या दोन दिवसांतही, कधी न फसलेली पायरी. काकांनी सगळं तपासलं, उलट तपासलं, सुलट तपासलं. फसल्याची खबर सगळ्यांना मिळावी म्हणून टेस्टरने सांगितल्याप्रमाणे ईमेलची सोयही केली होती. पत्ता विचारला तिथे यादीतून 'सर्व' निवडलं होतं, आणि प्रत्येक फसण्याबरोबर एक ईमेल इमानेइतबारे जात होती. काकांना आपण केलेल्या कामातलं तेवढं एक तरी चालतंय ह्याचं बरं वाटत होतं.

"हे सोळानंतर एकदम अठरा कसं?" पुलवाल्यांनी विचारलं.

"सतरावी वगळलीय."

"का?"

काका जरा घुटमळले. "त्यात 'चहा घेणे' असं लिहिलंय."

"मग वगळायची कशाला?"

"अहो, मशीन चहा कसा घेईल?"

पुलवाल्यांनी चष्मा काढला. "काँक्रीट ओतलं की आम्ही काय करत होतो? काही नाही. बसत होतो. साहेब विचारायचा, बसलात का? मी सांगायचो, पूल होतोय. त्या बसण्याचंच नाव काम. तुम्ही चहाला किती वेळ लावता?"

"दहा-बारा मिनिटं," आतून काकू म्हणाल्या. "करायला मला पाच लागतात, ह्यांना प्यायला बारा."

काकांनी रागारागाने, केवळ पुलवाल्यांचं तोंड बंद व्हावं म्हणून, सतराव्या पायरीला मशीनला बारा मिनिटं नुसतं थांबायला सांगितलं. बिल्ड सरळ झाला. मागाहून कळलं ते असं, की सोळाव्या पायरीवरचा जुना प्रोग्राम आधी 'झालं' म्हणून सांगायचा आणि मग दहा मिनिटं ते काम खरोखर करत बसायचा. बावीस वर्षं काका त्याला नकळत चहापुरता वेळ देत आले होते. ज्या शोधावर त्यांनी दोन दिवस डोकं फोडलं तो एका पूल बांधणाऱ्याने पाय हलवत लावला, हे काकांच्या मनाला फार लागलं. पुलवाल्यांनी मात्र त्याचं भांडवल केलं नाही. फक्त जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाला सांगितलं.

सोमवारी काका मशीन घेऊन ऑफिसात शिरले तेव्हा सगळे उभे राहून त्यांच्याकडे बघत होते. त्यांना वाटलं, कौतुक. मॅडमनी केबिनमध्ये बोलावून एक कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला. यादीतला तो 'सर्व' म्हणजे ऑफिसातले सर्व नव्हते. तीनशे चाळीस मुख्याध्यापक होते. शनिवार-रविवारी प्रत्येकाला एकोणीस ईमेल गेल्या होत्या. प्रत्येकीत एवढंच: 'बिल्ड फसला. जबाबदार व्यक्ती:' आणि पुढे काकांचं वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव.

मुख्याध्यापक मंडळी आलेल्या पत्राला उत्तर दिल्याशिवाय राहत नाहीत. एकाने लिहिलं होतं, 'आपले पत्र पोचले. खेद वाटला. आपण कोण?' दुसऱ्याने लेखी खुलासा तीन प्रतींत मागितला होता. तिसऱ्याने 'प्रगती असमाधानकारक, पालकांनी लक्ष घालावे' असा शेरा मारून परत पाठवलं होतं. आणि एका बाईंनी कळवलं होतं की, एकोणीस वेळा अनुत्तीर्ण होऊनही प्रयत्न न सोडणाऱ्या ह्या विद्यार्थ्याचं उदाहरण आपण आज सकाळी सर्व वर्गांपुढे वाचून दाखवलं.

"मी उत्तर देतो प्रत्येकाला," काका म्हणाले.

"तुम्ही कुणालाही काहीही पाठवू नका," मॅडम म्हणाल्या. "उद्या बाराला मशीनचा पहिला बिल्ड आहे. तेवढं बघा. म्हणजे, बघू नका. खोलीबाहेर बसा."

मंगळवारी बाराला काका उपाहारगृहात बसले. समोर कप होता, तो निवून गेला. बावीस वर्षांत बाराच्या ठोक्याला त्यांचे हात रिकामे असे कधीच नव्हते. ते टेबलावर कसे ठेवावेत तेही कळेना. पाऊण तासाने टेस्टर आली आणि "झाला" एवढं म्हणून पाणी पिऊन गेली. काकांना सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच मागोमाग वाईट वाटलं. बुधवारीही झाला. गुरुवारी बाराला पाच मिनिटं असताना किल्लीदार सर्व्हर-रूममधून खाली, काकांच्या टेबलावरच्या मशीनपाशी आला. मशीन दोन दिवस चालतंय म्हणजे ते आहे, आणि आहे म्हणजे त्याची पाहणी करणं भाग आहे, असं त्याचं म्हणणं पडलं. तो मशीनचं बटण दाबणार इतक्यात टेस्टर मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "नंबर नसलेल्या मशीनला हात लावायचा असा कुठला नियम आहे?" किल्लीदार विचारात पडला आणि नियम बघायला वर गेला. तोवर तिसरा बिल्डही झाला.

मॅडमनी अर्जावर सही केली. इथे काकांनी निमूट घरी जाऊन बॅग भरायला हवी होती. पण संध्याकाळी सगळे उठल्यावर ते मशीनपुढे बसले आणि वहीत नसलेली एक पायरी त्यांनी वाढवली. बेचाळिसावी. एक्केचाळीस पायऱ्या झाल्या की मशीनने थांबायचं आणि काकांच्या फोनवर प्रश्न पाठवायचा: 'पुढे जाऊ का?' खाली दोन बटणं, होय आणि नाही. अर्ध्या तासात होय आलं नाही तर बिल्ड रद्द.

"हे कशाला?" मॅडमनी निघताना विचारलं.

"सुरक्षितता," काका म्हणाले.

मॅडम त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ठेवा."

शुक्रवारी गाडी सुटली. दुपारी बाराला ती डोंगरातून जात होती आणि फोनला रेंज नव्हती. काका दारात उभे राहून फोन बाहेर धरत होते, शेवटी काकूंनी शर्ट धरून त्यांना आत ओढलं. चार वाजता रेंज आली तेव्हा प्रश्न येऊन, वाट बघून, मुदत संपून गेलेला होता. घाबरून त्यांनी मॅडमना फोन लावला.

"झालं सगळं, काका. काळजी करू नका. मुलीकडे बघा."

शनिवारपासून सगळं सुरळीत झालं. मुलीच्या घरी बाराच्या पुढे कधीतरी फोन थरथरायचा, काका उठून बाल्कनीत जायचे, चष्मा लावून प्रश्न पूर्ण वाचायचे आणि होय दाबायचे. परत येताना चालण्यात एक भारदस्तपणा यायचा. जावई पहिल्या दिवशी उठून उभा राहिला. रविवारी डॉक्टरीणबाई तपासून काहीतरी समजावत होत्या, तेव्हा काका मधूनच उठून बाहेर गेले. "त्यांच्यावर तीनशे चाळीस शाळा आहेत," काकू डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. स्वर असा की डॉक्टरीणबाईंनी पुढे काही विचारलं नाही.

सोमवारी घरात दोघंच होते, काका आणि मुलगी. ती पलंगावर उशीला टेकून बसली होती, काका खुर्चीत. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती जरा थांबली आणि म्हणाली, "बाबा, एक सांगू? आईला नका सांगू."

तेवढ्यात फोन थरथरला. काकांनी एक बोट वर केलं. एक मिनिट. ते बाल्कनीत गेले, होय दाबलं, पुष्टी आली ती वाचली, आणि परत आले.

"हं, काय म्हणत होतीस?"

"काही नाही," मुलगी म्हणाली. "पाणी द्याल का?"

काकांनी पाणी दिलं. काहीतरी हातातून निसटलं हे त्यांना कळलं, पण काय ते कळलं नाही.

मंगळवारी पहाटेच तिला दवाखान्यात न्यावं लागलं, आणि बाराच्या सुमारास नात झाली. नर्सने कपड्यात गुंडाळलेलं ते एवढंसं गाठोडं आणून "आजोबा कोण?" म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता काकांच्या हातात ठेवलं. दोन्ही हात गुंतले. काका भिंतीला टेकून उभे राहिले, हलायची भीती वाटत होती. फोन खिशात थरथरला असणार, पण त्यांना तो कळला नाही. हे आपल्याला किती आवडतंय ह्याचंच त्यांना आश्चर्य वाटत होतं.

कळलं दीड वाजता, भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं तेव्हा. प्रश्नाची मुदत टळून गेली होती. सत्र सुरू व्हायला चार दिवस, तीनशे चाळीस शाळा, आणि बिल्ड रद्द. काकांनी नातीला काकूंच्या हातात दिलं आणि जिन्याकडे जाऊन फोन लावला.

"मॅडम, चूक झाली. मी होय दाबायचा राहिलो. आत्ता मी सांगतो तसं कुणाला तरी…"

"काका, बिल्ड गेला की. नेहमीच्याच वेळेला."

"कसा जाईल? मी होय म्हटलेलंच नाही."

मग मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "शुक्रवारी तुमचा फोन लागत नव्हता, बिल्ड रद्द झाला. तेव्हाच आम्ही ती पायरी काढली."

"पण मला प्रश्न येतो. रोज येतो. मी रोज होय म्हणतो."

"तो नुसता तुमच्याकडे येतो. म्हणजे मशीन थांबत नाही त्यासाठी. टेस्टर म्हणाली, एकदम बंद केला तर काकांना बरं वाटणार नाही. म्हणून तेवढा ठेवला."

काका जिन्याच्या कठड्याला धरून उभे होते. मुख्याध्यापकांच्या शेऱ्यांनी झाला नव्हता एवढा अपमान त्यांना ह्या चांगुलपणाने झाला. तीन दिवस ते उठून बाहेर जात होते, चष्मा लावत होते, आणि त्यांचं होय कुठेच जात नव्हतं. मग त्यांना ते वर केलेलं बोट आठवलं. त्यापुढे मशीनचं काहीच वाटेना.

"काका? आहात ना?"

"नात झाली," काका म्हणाले.

"अरे वा, अभिनंदन. मग रजा वाढवायची का?"

"चालेल?"

"चालेल की."

त्या 'की'वर काका बराच वेळ उभे राहिले. त्यांच्यावाचून चालेल हे इतक्या आनंदाने त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. परत आले तेव्हा काकूंनी विचारलं, "गेला का बिल्ड?"

"गेला. त्याला मी लागत नाही."

काकूंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. चिडवायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं, आणि म्हणाल्या, "मग हिला धरा. मला लेकीसाठी गरम पाणी बघायचंय."

बुधवारी दुपारी काकू आणि जावई काही आणायला बाहेर गेले होते. दवाखान्याच्या खोलीत मुलगी, कडेला खुर्चीत काका आणि त्यांच्या डाव्या हातावर झोपलेली नात. मग काकांनी घसा साफ केला.

"परवा तू काहीतरी सांगत होतीस."

"कधी?"

"मी बाहेर गेलो तेव्हा."

मुलगी छताकडे बघत राहिली. "आता काय त्याचं. झालं की सगळं."

"तरी सांग."

"मला फार भीती वाटत होती," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाई काहीतरी बोलल्या होत्या, ते मला नीट कळलं नव्हतं. आईला सांगितलं असतं तर ती रडली असती. म्हटलं, बाबांना विचारावं…"

खिशातला फोन थरथरला. मुलगी सवयीने थांबली आणि तोंड भिंतीकडे वळवलं, म्हणजे बाबांना उठायला संकोच नको. काकांनी नात न हलवता उजव्या हाताने फोन काढला. पुढे जाऊ का? खाली होय आणि नाही. आजवर त्यांनी कधी दुसरं बटण दाबलं नव्हतं. अंगठा टेकवून त्यांनी नाही दाबलं.

'धन्यवाद. आपले उत्तर नोंदवले आहे,' फोन म्हणाला. तिकडे तीनशे चाळीस शाळांना त्या दिवशीची वेळापत्रकं वेळेवर पोचली.

काकांनी फोन उशाच्या टेबलावर पालथा ठेवला आणि खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"हं," ते म्हणाले. "काय विचारणार होतीस?"